आईच्या नावाचं मॉस

आमच्या चंद्रपुरात पांढरे कपडे घालून फिरायला हिंमत लागते. वसाहतीत सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. राख कुणाची, हे विचारायचं नाही. कारखान्यांची प्रत्येक चिमणी दुसरीकडे बोट दाखवते. माझ्या आईचा जन्म पुसण्यात गेला. ओलं फडकं तिच्या खांद्यावर कायम असतं.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. एका उन्हाळ्यात स्वतःच्या खर्चानं निलगिरी पर्वताच्या माथ्यावर गेले. तिथे ढग झाडांतच मुक्काम करतात आणि फांद्याफांद्यांवर मॉस वाढतं, ना फूल ना फळ, नुसती हिरवी लव. कागदी पाकिटं भरभरून आणली. घरी आल्यावर ती दमट लागली म्हणून आईनं सगळं मॉस गच्चीवर पसरून वाळवलं, मधूनमधून जाऊन उलटलं. कुरड्यांचीसुद्धा तिनं एवढी काळजी घेतली नसेल.

मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यातलं एक पान पाहिलं आणि भिंग बदलून पुन्हा पाहिलं. मॉस ओळखताना पानाच्या पेशी गुळगुळीत की खडबडीत, हे आधी बघतात. या पानावर काचेसारखे गोल उंचवटे होते. तसे माझ्याजवळच्या कुठल्याच पुस्तकात नव्हते. म्हणजे नवी जात! मी जेवणखाण विसरून चित्रं काढली, वर्णन लिहिलं आणि नावही ठरवलं: आईचं, मागे लॅटिन शेपूट लावून. दारावरच्या पाटीवर बाबांचं नाव, गॅसच्या कार्डावरही बाबांचंच. तिचं एकदा तरी कुठेतरी छापलं जावं, असं मला फार वाटत होतं. तिनं तर शेजारणींना सांगूनही टाकलं. पोर जन्मायच्या आधीच बारसं!

दक्षिणेतल्या एका तज्ज्ञांना चित्रं पाठवली. त्यांचा फोन आला. नमुने कुठे वाळवले, असं त्यांनी विचारलं. गच्चीवर, मी म्हटलं. जवळपास कोळसा जळतो का? मी हो म्हणताच ते हसले, बराच वेळ हसत राहिले. साबणाच्या पाण्यात धुऊन पुन्हा बघा म्हणाले.

धुतलं. उंचवटे सुटले आणि पाण्याबरोबर कडेला गेले. भट्टीत वितळून गोल झालेले राखेचे कण होते ते. खाली उरलं गुळगुळीत पान, त्या डोंगरावर जागोजागी फांद्यांवर दिसणारं अगदी साधं मॉस. मला त्या हसणाऱ्या माणसाचा राग आला, पण त्याहून जास्त या गावाचा, जिथे एक पानसुद्धा स्वच्छ राहू शकत नाही.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"माह्या नावाचं कवा छापून येते व? शेजारची विचारून राह्यली होती."

"नाही येणार, आई. ते नवीन नव्हतंच. पानावर राख बसली होती."

गच्चीचं मी बोलले नाही. तिनं कप ठेवला, खांद्यावरचं फडकं काढलं आणि सवयीनं सूक्ष्मदर्शकाभोवतालचं टेबल पुसायला लागली.

"एवढंच ना? मंग मले काऊन नाई सांगतलं, पोरी? पुसून देलं असतं."