करंजाच्या वळणावर अडकलेली बोट

नारळी पौर्णिमेला करंजाची दिव्यांची मिरवणूक बघायला जायचं, हे मी कित्येक वर्षं नुसतं घोकत होते. यंदा ह्यांनी दुपारीच स्कूटर बाहेर काढली आणि माझी सबब संपली. पनवेल सुटलं आणि कंटेनरच्या गर्दीत आम्ही रस्ता चुकलो. ह्यांना कुणाला विचारायचं म्हणजे कमीपणा! चिरनेरचा फाटा पुन्हा दिसला तेव्हा मीच उतरून टपरीवाल्याला विचारलं.

करंजाला पोचेतो दिवेलागण झाली होती. गल्लीत हातगाड्यांवर बांबू-कापडाच्या बोटी, प्रत्येकीला लखलखत्या माळा. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, अबोली माळून नाचत होत्या. मिरवणुकीच्या शेवटी गावाचा सोनेरी कागदात मढवलेला नारळ. तो दर्याला वाहिला की खऱ्या बोटी समुद्रात जायला मोकळ्या.

सगळ्यात मोठी बोट धर्मामामांची. सत्तरीचे, काटक. मी विचारलं, "तुमच्या बोटीसारखीच केलीय का?"

"सारकी नाय, तीच हाय," ते म्हणाले. "खरी गेल्या साली इकली. पोरं बंदरात कामाला, दर्यात कोन जानार? आज माज्या दारची बोट नाय पूजेला. म्हनून हिला पानी दाखवाचंय."

त्यांच्या बायकोने, जनाकाकींनी, माझ्या हातावर नारळीभाताचा द्रोण ठेवला. "खावा. येवढ्या लांबून काय नुसते दिवे बघाला आल्या?" भात लवंगेचा, गूळ सढळ हाताचा. मी लाज सोडून बोटं चाटली.

आणि धक्क्याआधीच्या वळणावर मामांची बोट अडकली. माप तंतोतंत खऱ्या बोटीवरून काढलेलं. गल्लीचं माप घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जन्मभर पाण्यात वळणाऱ्यांना भिंत कशी आठवणार! गाडी पुढे जाईना, मागे मिरवणूक तुंबलेली, मागे घ्यायला जागा नाही. नाळ (बोटीचं पुढचं टोक) कापली तरच सुटका. कुणीतरी करवत आणली, पण हातात धरायला कुणी पुढे येईना. बँडसुद्धा गप्प झाला.

"नाळ कापाची नाय," मामा म्हणाले.

जनाकाकी गर्दीतून पुढे आल्या. "बोट इकलीस तवा मला इचारलंस? आता मी सांगतंय. गावाचा नारळ खोळंबलाय. काप. पूजा कशाची करतो आपुन? नाळेचीच ना?"

मामांनी स्वतःच माळेच्या वायरी सोडवल्या आणि करवत चालवली. नाळ सुटली तशी काकींनी ती लेकरासारखी कवेत घेतली. बाकीची बोट पोरांनी आडवी करून एका ओट्यावर चढवली, रस्ता मोकळा झाला.

धक्क्यावर गावाचा नारळ वाहिला गेला, एकच गलका झाला. मग मामा-काकी पायऱ्या उतरले. मामांनी नाळेला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, लाटेत ती भिजवली आणि हात जोडून उभे राहिले.

"झाली गो पूजा," ते म्हणाले.

"आता तरी नीज येल तुला," काकी म्हणाल्या.

परतताना ह्यांनी रस्ता दोनदा विचारला, तक्रार न करता. मी मागे बसून डोळे पुसत होते. दिवे बघायला म्हणून गेले होते आणि डोळे भरून बघितलेही. पण अख्खं गाव ज्याच्यासाठी गप्प उभं राहिलं, त्या बांबू-कापडाच्या तुकड्यावर एकही दिवा नव्हता.