वाटणीत फुटलेली रंध्यांची जोडी

माझ्याइतकी साफ फळी नेवासे तालुक्यात दुसरं कोणी तासत नव्हतं. ही फुशारकी नव्हे. मिशनच्या सुतारशाळेत शिकलेल्या बापानं हाताला धरून शिकवलेला हात तो, चांगलाच असायचा. धाकट्या भावाचाही चांगला होता. त्या दिवसांत मात्र हे मी कोणापुढे कबूल केलं नसतं, कारण आम्हा दोघांचं बोलणं बंद होतं.

वडील गेले आणि वाटणी झाली. पंच बसले. आम्ही दोघंही एकाच हट्टाला पेटलेलो, सारखं म्हणजे सारखं! करवती दोन होत्या, एकेक झाली. पटाश्या निम्म्या निम्म्या. मग पुढे आली वडिलांची विलायती रंध्यांची जोडी. त्यातला एक रंधा फळीच्या कडेला लांबच लांब खाच पाडायचा आणि दुसरा शेजारच्या फळीला त्या खाचेत घट्ट बसेल अशी जीभ काढायचा. दोन्ही मिळून एकच हत्यार, पण पंचांनी मोजले दोन. खाचेचा मला दिला, जिभेचा त्याला. पंचांना सुतारकी कळत नव्हती, आणि आमची डोकी अशी तापलेली की दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही.

आईचीही तशीच वाटणी झाली. एक महिना माझ्याकडे, एक महिना त्याच्याकडे. घरं एकाच आळीत, समोरासमोर, पण कोणी कोणाचा उंबरा चढत नव्हतं. महिना भरला की आई गाठोडं काखेत मारून एकटीच आळी ओलांडायची.

अशात पाळकसाहेबांनी मला आमच्या ख्रिस्ती देवळाचं दार करायला सांगितलं. जुनं वाळवीनं खाल्लं होतं. "नाताळची उपासना नव्या दारानं झाली पाहिजे, मिस्तरी. आणि फट दिसता कामा नये." म्हणजे सागवानी फळ्या एकमेकींत अडकवूनच दार करायचं. मी म्हटलं, झालंच समजा. जिभेचा रंधा काय, कुठूनही पैदा करू, त्यात काय मोठंसं!

पण तेव्हा विलायतेत महायुद्ध चालू होतं. विलायती हत्यार दुकानात औषधालासुद्धा मिळत नव्हतं. नगरच्या जुन्या बाजारात एक जिभेचा रंधा सापडला, तर त्याची जीभ अर्ध्या सुतानं जाड, खाचेत शिरेचना. कोपरगावकडच्या साखर कारखान्यात ओळखीचा सुतार होता, त्याच्याकडचा लावून पाहिला. ती जीभ इतकी पातळ की म्हाताऱ्याच्या शेवटच्या दातासारखी खाचेत हलायची. गावच्या लोहाराकडून पातं घडवून घेतलं, ते दुसऱ्या फळीलाच वाकलं. पटाशीनं हातानं जीभ काढायला बसलो. वीतभर सरळ आली, पुढे वाकडी.

"समोरच्या घरात हाय की," बायको म्हणाली.

"तू गप बस."

"मी गप बसते. दार बोलंल नाताळात."

मी तिरीमिरीत उठलो आणि खाचेचा रंधा पिशवीत टाकून घोडेगावचा बाजार गाठला. गुरांच्या बाजाराच्या कडेला एक भंगारवाला गोणपाटावर नाल, घुंगरं, जुनी हत्यारं मांडून बसायचा. त्याला रंधा दाखवला आणि म्हटलं, याचा जोडीदार पाहिजे. तो मोठ्यानं हसला.

"आवो, मागल्या बाजाराला बी एक मिस्तरी आला हुता. त्याच्याकडं जीभवाला, त्याला खाचवाला पायजे हुता. तुमी दोगं मिळून लगीन लावा की त्यांचं!"

"कसा होता दिसायला?"

त्यानं मला खालीवर न्याहाळलं. "तुमच्यावानीच. नाक वर करून बोलनारा."

बैलांच्या त्या गर्दीत मी खुळ्यासारखा उभा राहिलो. आधी राग आला, मग हसू फुटलं. म्हणजे हाही पठ्ठ्या माझ्यासारखाच वणवण हिंडत होता!

घरी आलो तर बायकोनं माझं तोंड बघूनच ओळखलं. "जावा आता. मोठेपन काय भाकरीसंगं खायाचं हाय?"

गेलो. त्याचा उंबरा चढलो. तो ओट्यावर फळी तासत होता. आई आत धान्य पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

"जिभेचा रंधा पायजे," मी म्हणालो.

"देनार न्हाई. तुजा दे. मला दुकानाची आडभिंत करायची हाय."

"मी बी देनार न्हाई."

दोघंही एकाच बापाचे. त्यानं फळीवरच्या ढलप्या झटकल्या आणि खाली बघतच म्हणाला, "फळ्या पाठव."

तसंच झालं. रंधे आपापल्या घरात राहिले, फळ्या आळी ओलांडू लागल्या, माझ्या दाराच्या तिकडे आणि त्याच्या आडभिंतीच्या इकडे. मी एका कडेला खाच पाडायची, त्यानं दुसऱ्या कडेला जीभ काढायची. पण मला घोर लागला. दोन्ही रंधे फळीच्या एकाच बाजूला टेकवून चालवावे लागतात, नाहीतर जोड खालीवर होतो. मी कोणत्या बाजूनं चालवला, हे त्याला सांगायचं राहिलं होतं, आणि पुन्हा जाऊन सांगणं माझ्या जिवावर आलं होतं. सागवान वाया गेलं असतं तर नाताळापर्यंत दुसरं कुठून आणायचं?

फळ्या परत आल्या. पहिल्या दोन जोडल्या, वरून नख फिरवलं. कुठे अडलं नाही. मग पाहिलं, तर वडील चांगल्या, म्हणजे रंधा टेकवायच्या, बाजूवर पेन्सिलीनं शेपटीवाली खूण करायचे, ती सवयीनं माझ्या हातून प्रत्येक फळीवर झाली होती. आणि तिच्या शेजारी दुसरी, तशीच, धाकट्याच्या हातची. ऊर भरून आला माझा. सांगायला कसली लाज?

दार आम्ही दोघांनी मिळूनच बसवलं. पाळकसाहेबांनी फट शोधायला डोळा लावला आणि हसून बाजूला झाले. तिथून धाकटा माझ्यामागोमाग माझ्या घरी आला. वडिलांची हत्यारांची पेटी वाटणीत माझ्याकडे आली होती. तिच्यातला जोडीचा कप्पा अर्धा रिकामाच होता. त्यानं पिशवीतून जिभेचा रंधा काढून माझ्या रंध्याशेजारी ठेवला.

"ऱ्हाऊ दे हितंच. जवा लागंल तवा येऊन घिऊन जाईन."

त्याच दिवशी आईचा त्याच्याकडचा महिना भरला होता. ती गाठोडं घेऊन दारात उभी होती, कधी आली कळलंही नाही. पेटीकडे बघत म्हणाली, "रंध्यांचं बेस केलं रं. आता माजं बी काय ते बगा."

 मग धाकट्यानं तिच्या काखेतलं गाठोडं घेतलं. "आये, आता गाठोडं बांदायचं न्हाई. तू हितं ऱ्हा, न्हाईतर तितं ऱ्हा. आमी दोगं तुज्याकडं येऊ."

त्या संध्याकाळी दोन्ही घरच्या भाकऱ्या एकाच तव्यावर झाल्या. आईनं गाठोड्याची गाठ सोडली आणि आपली लुगडी माझ्या घरच्या दांडीवर टाकली. ती तिनं पुन्हा कधी बांधली नाहीत.