तिसऱ्यांदा त्याच बोटीवर

आक्कांचा फोन आला तेव्हा मिस्त्री नुकताच पानावर बसला होता. फोन बायकोने घेतला, दोनदा "हं, हं" केलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"पुन्हा तेच म्हणतायत. गरम झालं की सुरू होत नाही."

मिस्त्रीने तोंडातला घास नीट चावून गिळला. एकसष्टावं सरत आलं होतं. छत्तीस वर्षं बोटींच्या पोटात शिरून, वाकून, आडवं होऊन इंजिनं दुरुस्त केल्यामुळे आता सरळ उभं राहायचं म्हटलं तरी पाठ आधी विचार करायची. एकाच महिन्यात एकाच इंजिनासाठी तिसऱ्यांदा जायचं, म्हणजे डोक्याला ताप तर होताच, शिवाय नाचक्कीही होती.

आक्कांची बोट नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेत असे. शाळेच्या बाई, दवाखान्यातली नर्स, भाजीच्या टोपल्या घेतलेली माणसं, सगळ्यांचं येणं-जाणं त्या बोटीवर. भावाने संधिवातामुळे सुकाणू सोडलं तेव्हा आक्कांनी ते धरलं, त्याला अकरा वर्षं झाली. इंजिन सकाळी एका हाकेला सुरू व्हायचं. पण एकदा तापल्यावर बंद केलं, की तासभर ढिम्म हलायचं नाही. म्हणून आक्का ते दिवसभर बंदच करत नसत. धक्क्याला उभी असली तरी बोट धडधडत, धूर सोडत राहायची आणि लोक नाकाला रुमाल लावून चढायचे. हेही निभावलं असतं. पण त्या आठवड्यात पाण्याखालच्या पंख्यात दोर अडकला आणि भर नदीत इंजिन बंद करावं लागलं. दोर निघाला, इंजिन मात्र बोलेना. चौदा माणसं घेऊन बोट वाहत चालली, तेव्हा एका वाळूच्या बोटीने ओढून काठाला आणली.

मिस्त्रीने पहिल्या खेपेला बॅटरीच्या जाड तारा घासूनपुसून आवळल्या होत्या. दुसऱ्या खेपेला डिझेलचा फिल्टर बदलला, नळीत कुठून हवा शिरते का ते पाहिलं. दोन्ही वेळा इंजिन झटक्यात सुरू झालं आणि तो हात पुसत घरी गेला.

या वेळी तो सकाळी धक्क्यावर पोचला तेव्हा आक्का कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या.

"मिस्त्री, तुम्ही येता तेव्हा ते थंड असतं. डॉक्टरसमोर पोराचा खोकला थांबतो ना, तसं आहे हे. आज घरी जायचं नाही. बसायचं."

"दिवसभर?"

"ते रुसेपर्यंत."

मग तो बसला. इंजिनावरच्या फळीला टेकून, पाय पसरून. काम न करता बोटीत बसण्याची त्याला सवयच नव्हती. तिसऱ्या फेरीला डोळा लागला. पाचव्या फेरीला नर्सने हलवून विचारलं, "बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "मला काही नाही, इंजिनाला बरं नाही." ती हसली, आणि तो पुन्हा पेंगला.

दुपारी बोट रिकामी झाली. आक्कांनी इंजिन बंद केलं, पाच मिनिटं थांबून सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा मारला. तेच.

मिस्त्रीची झोप उडाली. इतक्या जोमाने फिरतंय, म्हणजे बॅटरीचा दोष नाही. धूर अजिबात नाही, म्हणजे आत डिझेलच पोचत नाही. त्याने आत डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल केला आणि आक्कांना सेल्फ मारायला सांगितलं. तिथून डिझेलची चिळकांडी उडायला हवी होती. नुसता ओलावा झिरपला.

"टॉवेल आहे का? भिजवून द्या. गार पाण्यात."

आक्कांनी गळ्यातला टॉवेल नदीत बुचकळून दिला. मिस्त्रीने तो नोझलकडे डिझेल ढकलणाऱ्या पंपाला गुंडाळला, वर तांब्याने पाणी ओतत राहिला. दहा मिनिटांनी म्हणाला, "मारा."

इंजिन सुरू झालं.

आक्कांनी टाळी वाजवली. मिस्त्री मात्र पंपावरचा टॉवेल सोडवत राहिला. चेहरा असा, की आक्कांनीच विचारलं, "काय झालं?"

"पंप गेलाय. आतली दांडी झिजलीय. डिझेल थंड असतं, दाट असतं, तोवर दाब धरतं. तापून पातळ झालं, की फटीतून मागच्या मागे निसटतं."

"मग सापडलं की! तोंड कशाला पाडलंत?"

"आक्का, हा पंप मागच्या वर्षी मीच उघडला होता. दांडी खिडकीशी धरून पाहिली. चांगली आहे म्हणून तीच परत बसवली. म्हणून तर दोन्ही खेपांना बाकी सगळं तपासलं, याला हात लावला नाही."

आक्का त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "म्हणजे तुमच्या चुकीपायी मी चौदा माणसांना घेऊन वाहत गेले."

"हो."

"माझा भाऊ अजून सुकाणूवर असता तर उचलून पाण्यात टाकलं असतं तुम्हाला."

"टाका."

"टाकते की. पण मग पंप कोण बसवणार?" असं म्हणून त्या तोंड फिरवून दोर आवळत बसल्या. राग गेला नव्हता, हे त्यांच्या गाठीवरून कळत होतं.

मिस्त्रीने गरम इंजिनावरून पंप तसाच चटके सोसत काढला, पोत्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसने शहरात नेला. तिथे फक्त पंपांचीच कामं करणारा एक कारागीर होता. त्याने पंप उघडला, दांडी दिव्याखाली धरली.

"या बघा रेघा. केवढ्या आहेत! दिसतायत ना?"

"दिसतायत," मिस्त्री म्हणाला. मग दांडी डोळ्यांजवळ नेऊन, "नाही. दिसत नाहीत."

कारागिराने भिंग दिलं. भिंगातूनही त्याला चकाकणाऱ्या धुक्यापलीकडे काही दिसेना. डावा डोळा मिटून पाहिलं, उजवा मिटून पाहिलं. कारागिराने दांडी फडक्यावर ठेवली आणि चहा सांगितला.

नवी दांडी घालून पंप तिसऱ्या दिवशी बोटीवर चढला. दुपारपर्यंत तापलेलं इंजिन आक्कांनी सहा वेळा बंद करून सहा वेळा सुरू केलं. सातव्यांदा करायला गेल्या तेव्हा मिस्त्रीच म्हणाला, "पुरे आता, त्याचाही जीव जाईल."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्हीकडे मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशनची तारीख मिळाली. ती यायच्या आत मिस्त्रीने एक काम केलं. गेल्या दोन वर्षांत आपण आणखी कुणाकुणाचे पंप उघडले ते आठवलं. चार निघाले. चौघांच्या धक्क्यांवर तो स्वतः गेला आणि म्हणाला, "तुमचा पंप मला नीट दिसला नसेल. दुसऱ्याकडून तपासून घ्या."

दोघांनी हसण्यावारी नेलं. तिसऱ्याने बसवून घेऊन डोळ्यांचीच चौकशी केली. चौथ्याने मात्र चारचौघांत त्याला उभं-आडवं घेतलं. छत्तीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं ते बोलला. मिस्त्रीने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्याचं बोलून संपेपर्यंत तो तिथून हलला नाही.

घरी आला तेव्हा ऊन अजून कडक होतं. बायकोने विचारलं, "झाले चारही?"

"झाले," म्हणाला आणि बुटांसकट पलंगावर आडवा झाला. बायको पायाशी बसली आणि एकेक नाडी सोडू लागली.