भाऊजींचा उंबर

आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ माणसावर खेकसणं हाच त्यांचा खरा धंदा. जीव मात्र एकाच वस्तूवर: दाराशी उभ्या असलेल्या स्वतःच्या पांढऱ्या गाडीवर. ताई तापाने फणफणली तेव्हाही हा गृहस्थ बाहेर बॉनेट पुसत होता.

गाडीला सावली हवी म्हणून ते रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "उंबर न्या. इथल्याच मातीतला आहे, भराभर वाढतो. पाखरं पण येतात."

भाऊजींनी ऐकलं ते फक्त 'भराभर वाढतो'.

पाणी ताईच घालायची. हे खुर्चीत बसून हुकूम सोडायचे. काही वर्षांत झाड छपरावर गेलं, गार सावली पडली आणि भाऊजी असे फुगले, जणू पानं त्यांनी स्वतः चिकटवली होती.

मग उंबरं धरली. तांबट आले, साळुंक्या आल्या, खारी आल्या, अंधार पडला की वटवाघळं. पिकली उंबरं टपावर फुटायची. त्यावर विष्ठेची नक्षी. भाऊजींनी डबे बडवले, फटाके लावले. पाखरांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी त्यांनी माणसं लावून अख्ख्या झाडावर नायलॉनची जाळी चढवली.

दुसऱ्या सकाळी जाळीत एक वटवाघूळ अडकून धडपडत होतं. ताई शिडी लावून चढली, स्वयंपाकघरातल्या कात्रीने त्याला सोडवलं आणि उतरायच्या ऐवजी हात पोचेल तिथवर जाळी कापत सुटली.

"अगं, माझी गाडी!" खालून भाऊजी किंचाळले.

"तिला चाकं आहेत. हलवा."

हलवली. समोरच्या उघड्या मैदानात गाडी उन्हात तापत राहिली. रंग उडाला, पिवळट पडली. सावलीत शेजाऱ्यांच्या स्कूटर लागू लागल्या.

पुढे वस्तीतल्या मंडळाने 'वृक्षप्रेमी' म्हणून सत्कार केला. कोणाचा? भाऊजींचा! जीभ जराही न अडखळता त्यांनी भाषण ठोकलं, "पाखरं म्हणजे माझी लेकरंच." मागच्या रांगेत मी ताईकडे पाहिलं. ती नखं कुरतडत होती.

घरी येऊन त्यांनी मानपत्र भिंतीवर टांगलं, दोनदा सरळ केलं आणि म्हणाले, "ती खिडकी लाव गं. काय कलकलाट चाललाय मेल्या पाखरांचा!"

ताईने लावली नाही.