बुडवण्याइतकं पाणी

पुढाऱ्यांना येणाऱ्या धमक्या वाचणं हेच त्या हवालदारबाईंचं काम. पोलीस कचेरीच्या मागच्या जिन्याखाली एक खोली होती. तिथं पूर्वी जप्त केलेल्या सायकली ठेवत. आता तिथं एक संगणक, एक कुरकुरणारा पंखा आणि बाई. इंटरनेटवर कुणी एखाद्या नेत्याला उलटं टांगतो म्हणालं, कुणी तंगडं मोडतो म्हणालं, की ते वाक्य छापून बाईंच्या टेबलावर येई. मग बाई गुडघ्याला मलम चोळून त्या माणसाच्या घरी जात.

त्यांची पद्धत एकच. घरातल्या सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवायचं, कागद त्या माणसाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "वाचा." मोठ्यानं. आईसमोर, बायकोसमोर, सासरा आलेला असेल तर त्याच्याही समोर. अंगठ्यानं लिहिताना वाघ झालेली माणसं दुसऱ्याच शब्दाला घाम पुसू लागत. एका बँकेतल्या कारकुनाला तर अर्ध्यातच रडू फुटलं होतं. अशी माणसं पुन्हा लिहीत नसत. कचेरीत बाईंना सगळे वाचाबाई म्हणत; तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या अंतरावरून.

अशात नेत्यांच्या संरक्षणाचा फेरआढावा निघाला. ज्याच्या जिवाला धोका, त्याचे बंदूकधारी राहणार, बाकीच्यांचे जाणार. एका वजनदार नेत्याचे सचिव धापा टाकत जिन्याखाली आले. सोबत बाईंचा वरिष्ठ, नवा तरुण अधिकारी.

"बाई, आमच्या साहेबांना एकही धमकी नाही?"

"शिव्या आहेत की."

"शिव्यांवर बंदूकधारी मिळत नाहीत हो! पलीकडच्या पक्षवाल्याला लोक जिवंत जाळायला निघालेत, आणि आमच्या साहेबांना नुसते अंगठे आणि फुलं. काही इज्जत राहिली की नाही?"

अधिकाऱ्यानं स्वतः बसून शोधाशोध केली आणि शेवटी एक जुना फोटो सापडला. नेते पाण्याच्या टाकीसमोर फीत कापताहेत, वर लिहिलंय, घराघरांत पाणी. खाली त्या वस्तीतल्या कुणीतरी खरडलं होतं, 'एकदा या इकडे. याच टाकीत बुडवतो तुम्हाला.'

"जागा ठरलेली, पद्धत ठरलेली," अधिकाऱ्याचे डोळे चमकले. "हा कट आहे. बाई, टाकीचा पंचनामा करून आणा. बुडवता येतं एवढं कागदावर आलं, की त्याला उचलतो. मग बसेल वर्षभर आत."

लिहिणारा निघाला वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा. घरात तो, त्याची आई आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेली दोन मशीनं. नळ कोरडे असलेल्या वस्तीत मशीन बिघडणार कुणाचं? बिघडायला आधी चालावं लागतं. लोक त्यात पांघरुणं ठेवत, आणि हा दिवसभर दारात बसून हवालदिल चेहऱ्यानं स्क्रूड्रायव्हर पुसत बसे.

"वाच," बाई म्हणाल्या.

त्यानं वाचलं. 'बुडवतो'पाशी आवाज चिरकला.

"टाकीत?" आईनं विचारलं.

"हो."

"आपल्या?"

"हो गं आई."

आई हसायला लागली ती थांबेचना. "अरे मेल्या, त्यात माशी बुडायची नाही, आणि तू माणूस बुडवतोस? बाई, याला न्या, पण वेडा म्हणून न्या." मग तिची नजर बाईंच्या गणवेशावर गेली आणि हसू जागच्या जागी विरलं. "खरंच नेणार का हो?"

"टाकीत काय दिसतं त्यावर आहे, मावशी."

टाकीत मुलं दिसली. तळाच्या झाकणातून आत शिरून ती चेंडू खेळत होती. आत आवाज छान घुमतो म्हणे. बाईंनी तिथंच उभ्यानं लिहिलं, टाकी कोरडी, कुणीही बुडू शकत नाही.

ते वाचून सचिवांचा चेहरा पांढराफटक पडला. "कोरडी? अहो, उद्घाटन साहेबांनी केलंय! कागदोपत्री ती काठोकाठ भरलेली आहे."

"मग भरलेली आहे असं तुम्ही लिहा. सहीही तुमचीच करा."

सचिवांनी अधिकाऱ्याकडे पाहिलं, अधिकाऱ्यानं पंख्याकडे.

"मी डोळ्यांनी बघते तेवढंच लिहिते," बाई म्हणाल्या. "भरलेली दिसली, तर भरलेली लिहीन."

वस्तीनं अर्ज करकरून बोटं झिजवली तेव्हा जे झालं नव्हतं, ते दुसऱ्याच दिवशी सकाळी झालं. टँकरमागून टँकर आले आणि टाकी भरून गेले. नेत्यांच्या जिवाला धोका निर्माण करण्यात यंत्रणेनं जराही कसूर केली नाही. अधिकाऱ्यानं बाईंना बजावलं, "टँकर रिकामे झालेत. ताबडतोब पोहोचा."

घाई करावी असं बाईंच्या मनात आलं, पण गुडघ्यात आलं नाही. त्या एक थांबा आधीच बसमधून उतरल्या. झाडाखालच्या बाकावर टेकल्या. पुढं एका दुकानाशी मलमाचा भाव विचारून आल्या, मलम घरात असताना.

वस्तीत शिरल्या तेव्हा गल्लीभर ओल होती. बादल्या, पिंपं, पातेली, जे जे म्हणून उताणं ठेवता येतं ते सगळं भरलेलं. घराघरांतून मशीनं घुमत होती, आणि मेकॅनिक या दारातून त्या दारात पळत होता. एवढ्या दिवसांनी चालू केल्यावर एकही मशीन धड चालेना. त्याच्या आईनं खुर्ची आणली.

"आधी चहा. आज नाही म्हणायचं नाही."

बाईंनी एक कप घेतला, मग आणखी एक. मग टाकी बघायला गेल्या. तळाशी थोडं पाणी, त्यात एक प्लास्टिकचा मग तरंगत होता. त्यांनी लिहिलं, 'पाणी घोट्यापर्यंत. बुडवायचं झाल्यास नेत्यांना स्वतः पालथं पडून सहकार्य करावं लागेल.'

फोनवर अधिकारी ओरडला, "एवढं पाणी ओतलं, गेलं कुठं?"

"प्यायले, सर."

"कोण?"

"संशयित, त्याची आई, सगळी वस्ती. उरलेल्यात कपडे धुताहेत."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"पाणी भरणं कुठल्या कलमात बसतं, सर?"

फोन बंद झाला. पुन्हा टँकर मागवायचे, तर कागदोपत्री भरलेली टाकी पुन्हा का भरायची याचं कारण लिहावं लागलं असतं. ते लिहायला कुणीच तयार होईना. बुडवण्याची धमकी यादीतून निघाली, आणि तिच्यामागोमाग नेत्यांचे बंदूकधारीही.

मेकॅनिकनं साबणाचे हात पँटला पुसले. "म्हणजे मी सुटलो?"

"हो. पण आता मशीनं दुरुस्त कर, दुसरं काही करू नकोस."

"त्याचं राहू द्या," आई पुढं सरकली. गल्लीभर साबणाचं पाणी साचलं होतं. त्याला जायला वाट नव्हती. "बाई, मला सांगा, माझ्या नावानं 'गटारात ढकलते' असं लिहिलं, तर गटार बांधून देतील का?"

बाईंनी टोपी नीट बसवली आणि चपला वाचवत त्या डबक्याच्या कडेकडेनं निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी पोहोचल्यावर वळून म्हणाल्या, "लिहा, मावशी. पण किती रुंद, किती खोल, तेही लिहा. पंचनाम्याला बरं पडतं."