महेशच्या टेबलावरचा डबा

दोन हजार चोवीस साल. मी त्रेसष्ट वर्षांचा. भूतखेत, अंगात येणं, असलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. चौथीच शिकलोय, पण वेडा नाही. जे झालं तेवढंच लिहितो.

मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीत मी गेटवर वॉचमन. माझा मुलगा महेश त्याच कंपनीत, वर डिस्पॅच ऑफिसला. त्यानं उल्हासनगरच्या सिंधी मुलीशी लग्न केलं, म्हणून मी त्याला घराचं दार बंद केलं. दोघं बेलवलीला राहायला गेले. आठ महिने तो रोज माझ्यासमोरून आत जायचा. मी रजिस्टरमध्ये टाइम लिहायचो, मान वर करायचो नाही. मग डेंग्यू झाला... पाच दिवसांत संपला. बोलणं राहिलं ते राहिलंच.

कंपनीनं मागेच मोठे कंप्युटर काढून प्रत्येक स्क्रीनमागे तळहाताएवढा डबा लावला होता. तेरावं झाल्यावर एका शनिवारी कळलं, सोमवारी महेशच्या जागेवर नवीन माणूस येणार. मला वाटलं, आता त्याच्या डब्यातलं सगळं पुसणार. वीस वर्षांत गेटमधून खिळासुद्धा बाहेर जाऊ दिला नाही मी — त्या दिवशी तो डबा टिफिनच्या पिशवीत घालून अंबरनाथ पूर्वेला घरी आणला.

रविवारी दुपारी टीव्हीला जोडला. एक वायर टीव्हीची, एक लाइटची. तिसरी ऑफिसच्या भिंतीत जायची, ती तिथंच राहिली. टाइप करायचा बोर्डही नव्हता. आधी इंग्रजीत काहीतरी आलं, मग नुसता काळा पडदा. मी हट्टानं बसून राहिलो. तासाभरानं पांढरं पान उघडलं. त्यावर एकच शब्द — बाबा. पुढे उभी रेघ लुकलुकत होती.

बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनंही वाचलं. हळूच म्हणाली, "अहो, पुढं लिहितोय का तो?"

मी टीव्हीला म्हटलं, "लिही."

रेघ तशीच.

"लिही म्हणतो ना."

आवाज नेहमीचाच निघाला, दरडावल्यासारखा. "असं नका बोलू त्याच्याशी," बायको म्हणाली, तोवर रेघ मागे सरकायला लागली. एकेक अक्षर पुसत गेली. पान कोरं झालं. मग टीव्ही काळा.

संध्याकाळी कंपनीच्या कंप्युटरवाल्या मॅडमना फोन करून चोरी कबूल केली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, डब्यात काहीच नसतं. सगळ्यांचं काम वरच्या खोलीतल्या एका मोठ्या मशीनवर असतं. भिंतीतली वायर नसेल तर डबा काही दाखवूच शकत नाही. आणि महेशचं सगळं मी शुक्रवारीच काढून टाकलं." मी विचारलं, काढायच्या आधी बघितलं का? नाही म्हणाल्या, दुसऱ्याचं आम्ही उघडत नाही.

मग आम्ही दोघांनी बघितलं ते काय होतं? मला आजपर्यंत कळलेलं नाही. बायको त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर न जाता मी बेलवलीला गेलो. सुनेनं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. मी विचारलं, महेशला मला काय सांगायचं होतं?

"अंकल, या घरात त्यांनी तुमचं नाव कधी घेतलंच नाही."

दार लागलं. मी तिथंच जिन्यात बसलो.