टिंबवाले सर

टिंबवाले सर कुणाच्या देखत टाईप करत नसत. आपण त्यांच्या टेबलाजवळ गेलो की त्यांचा डावा हात आधी मॉनिटरकडे जायचा, पडदा भिंतीकडे वळायचा, आणि मग मान वर करून ते विचारायचे, "काऊन वं? काय पाह्यजे?" जणू मी त्यांच्या ताटातली भाकर उचलायला आले होते.

बुलडाण्यातल्या एका खासगी दवाखान्यात आम्ही दोघंच कॉम्प्युटरवाले. ते तिथे मुरलेले, मी साखरखेर्ड्याहून आलेली, सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलेली. जमलं तर कायम, नाही जमलं तर गावी परत जाऊन काकांच्या कृषी केंद्रात खताची बिलं फाडायची. खताची बिलं फाडायला मी बीसीए केलं नव्हतं. हे सगळं सरांना ठाऊक होतं, म्हणून तर जास्त राग येतो.

दवाखान्याचा सर्व्हर लिनक्सवर चालायचा. तिथे प्रोग्रामला डेटाबेसशी जोडायला बटणं, खिडक्या असलं काही नव्हतं. एक साधी मजकुराची फाईल, ओडीबीसी डॉट आयएनआय. ड्रायव्हर कोणता, मशीन कोणतं, डेटाबेसचं नाव काय, चार ओळी लिहायच्या आणि मोकळं व्हायचं. पण सर त्या चार ओळींभोवती सोवळं पाळत. "आखरीले एक खाली ओळ सोडा लागते, नाही तं ते वाचत नाही," म्हणायचे. का वाचत नाही? "नाही वाचत म्हनजे नाही वाचत!" संपला विषय. मी एकदा ती ओळ न सोडता चालवून दाखवलं, तर तोंड फिरवून डबा उघडायला लागले.

त्यांचं आणखी एक खूळ होतं. स्वतःच्या प्रत्येक फाईलीचं नाव ते टिंबाने सुरू करत. लिनक्सवर अशी फाईल साध्या यादीत दिसत नाही, मुद्दाम शोधावी लागते. म्हणून मीच त्यांचं नाव टिंबवाले सर ठेवलं आणि दवाखानाभर पसरवलं. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

डबा मात्र ते रोज माझ्यापुढे सरकवायचे. धामणगाव बढ्याचा माणूस, डब्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर. "खाय. वाळून गेली पार," म्हणायचे. भरीत असं व्हायचं की रागावलेल्या माणसाची पंचाईत. पासवर्ड देणार नाहीत, पण भरीत वाटेल तेवढं! मी खात असे आणि मनातल्या मनात शिव्या देत असे.

मग डेटाबेस नव्या मशीनवर हलवायचं ठरलं. दवाखान्याच्या मालकीण डॉक्टर मॅडम, त्यांनी ते काम माझ्यावर टाकलं. "हे नीट झालं की तुझं कायमचं बघू." मी ईटीसी फोल्डरमधली ती चार ओळींची, सगळ्यांची सामाईक फाईल उघडली, नव्या मशीनचा पत्ता घातला. माझ्या लॉगिनवरून जोडणी झकास चालली. लॅबच्या रिपोर्टांचा प्रोग्राम मात्र काही केल्या जुन्याच मशीनकडे जाई. जुने रिपोर्ट छापून येत, नवे गायब. लॅबवाले माझ्या नावाने शंख करू लागले. मी फाईलीतलं अक्षर न् अक्षर तपासलं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, डोक्याचा पार भुगा झाला. सर खुर्चीत रेलून चहा पीत म्हणत, "पोरी, फाईल वाच." वाचली. पुन्हा वाचली. शेवटी मॅडमनी सगळ्यांसमोर झापलं, "सर बघत होते तेव्हा असं कधी झालं नव्हतं." सर तिथेच उभे होते, चहाचे घोट घेत.

त्या संतापातच सुचलं. हा प्रोग्राम चालतो कुणाच्या लॉगिनने? सरांच्या! मी मॅडमना म्हटलं, "सरांच्या लॉगिनवरून मला एकदा बघू द्या. तुमच्यासमोर." मॅडमनी नुसतं सरांकडे पाहिलं. पडदा सरळ करावाच लागला त्यांना.

जोडणीच्या फाईली कुठून वाचल्या जातात हे सांगणारी एक आज्ञा असते, ती दिली. उत्तरात सरांच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या एका फाईलीचं नाव आलं, अर्थात टिंबाने सुरू होणारं. अशी खासगी फाईल कुणाचीही असू शकते, आणि हवी ती जोडणी तिच्यात सापडली की सामाईक फाईलीकडे प्रोग्राम ढुंकूनही बघत नाही. उघडली. आत जुन्या मशीनचा पत्ता, आणि शेवटी एक रिकामी ओळ.

मी ती फाईल बाजूला केली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला, आणि त्या दिवशीचे रिपोर्ट धडाधड छापून यायला लागले. आता बोला, म्हणून मी सरांकडे वळले. तर हा माणूस मॅडमना म्हणतो कसा, "हिले कायम करून टाका मॅडम. मी पाहूनच राह्यलो होतो, शोधते का नाही."

मॅडम कौतुकाने हसल्या, सरांकडे बघून! मी कायम झाले आणि शाबासकी त्यांना. तेव्हापासून जो तो म्हणे, सरांनी घडवलं हिला. अहो, कसलं घडवलं! माझा जीव टांगणीला लावून चहा पीत बसले होते. पुढे कितीदा तरी विचारलं, "सर, खरं सांगा, ती परीक्षा होती की खोडी?" ते म्हणायचे, "झाली ना कायम? मंग!"

गेल्या वर्षी सर अचानक गेले. दवाखान्यात शोकसभा झाली आणि मॅडमनी त्यांची लाडकी शिष्या म्हणून मला बोलायला उभं केलं. मी ठरवूनच उठले. म्हटलं, "सरांनी मला काहीही शिकवलं नाही. होतं ते लपवून ठेवलं. मी स्वतः शोधून काढलं." तिथेच खाली बसायचं होतं, पण तोंडून निघून गेलं, "भरीत मात्र वाटेल तेवढं दिलं," आणि त्याचाही राग आला. समोर माणसं डोळे पुसायला लागली. बाहेर पडताना लॅबच्या मावशींनी माझा हात धरला. "किती नम्र हायेस वं तू. सर असते तं लय खूश झाले असते."

झालेच असते. तोच तर माझा संताप आहे.